खंड्याची पालखी आणि शेवरीची टोपली

साताऱ्याचा माणूस सांगलीला निघाला म्हणजे परगावी निघाला असे आम्ही कधी मानीत नाही. सांगली-मिरज ही पटवर्धनांची संस्थाने विलीन झाली, जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडचे तालुके त्यांना जोडले गेले आणि 1949 साली जो नवा जिल्हा झाला त्याचे नावच मुळी ‘दक्षिण सातारा’ होते. 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णामाई दोन्हीकडे तीच. त्यामुळे मुलगी सांगलीत दिली तेव्हा ती दूर गेली असे आमच्या घरात कोणालाच वाटले नाही, आणि लग्नकार्य, बारसे, आजारपण अशा कोणत्याही निमित्ताने मी पिशवी उचलून गाडीत बसतो. परंतु दोन वर्षांपूर्वी दसरा झाल्यावर जे बोलावणे आले, त्याने मात्र मी क्षणभर थबकलो.

फोनवर अकरा वर्षांची नात होती. “आजोबा, शेवरीचं ऑपरेशन ठरलंय. आईबाबांना रजा नाही. तुम्ही येता का?”

शेवरी म्हणजे तिची सशीण. शेवरीचे बोंड फुटून कापूस बाहेर पडावा तशी पांढरी आणि मऊ, म्हणून हे नाव. वजन पावणेदोन किलो, वय दहा महिने. आणि ऑपरेशन कसले, तर गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकण्याचे. मी विचारले, “बाळ, तिला काय झालंय?” उत्तर आले, “काहीच नाही. काही होऊ नये म्हणून.”

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. काही झाल्यावर माणसे काय करतात याचाच तो विषय. काही होऊ नये म्हणून एका धडधाकट मुक्या जनावराच्या पोटाला सुरी लावायची, हे मला पटेना. पण ‘येतो’ म्हणालो. त्याला कारण होते आणि ते साठ वर्षे जुने होते.

मी चौथीत असताना आमच्या साताऱ्याच्या वाड्यात एक सशीण होती. रॉकेलच्या खोक्याला जाळी ठोकून वडिलांनी तिचे घर केले होते. पाच वर्षे ती आमच्यात नांदली. मग एके दिवशी खोक्यातल्या गवताला रक्त लागलेले दिसले. आजी म्हणाली, “पिल्लं टाकली असतील.” पण घरात दुसरा ससाच नव्हता, तर पिल्ले कोठून? चार-आठ दिवस रक्त येत-जात राहिले. ती खाईना, कोपऱ्यात फुगून बसे. वडील तिला टोपलीत घालून गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तेथे जो कोणी होता तो हसला आणि म्हणाला, “मास्तर, सशाला कसलं औषध? दुसरा आणा.” वडील मुकाट्याने परतले. तिसऱ्या दिवशी ती गेली. मागील दारच्या डाळिंबाखाली आम्ही तिला पुरले. त्या दवाखान्यातल्या हसण्याचा राग माझ्या मनात बरीच वर्षे होता. आता नाही. त्या माणसाच्या पदरी बैल होते, म्हशी होत्या, घटसर्प होता, फऱ्या होता. सशापर्यंत त्याची विद्या पोचलीच नव्हती.

जनावरांची कणव आपल्याला नवी नाही, हे मात्र मी अभिमानाने सांगेन. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा यांचा शेजारी शेजारी उल्लेख आहे. दोघांसाठी औषधी वनस्पती लावल्या, रस्त्यांवर विहिरी खोदल्या, असे तो सांगतो. त्याच्याच पाचव्या स्तंभलेखात अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा अशा ठरावीक तिथींना बैल, बोकड, मेंढा, डुक्कर यांना खच्ची करू नये अशी आज्ञा आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका राजाला या गोष्टीची बोच लागली होती. सण पाळावा, निदान त्या दिवशी तरी त्या जिवाला वेदना नको, एवढीच ती सूट. पण सूट देणाऱ्याला वेदना दिसली होती हे निश्चित.

आणि आमच्या साताऱ्याचे उदाहरण तर घरचेच. शहराजवळ कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे, ते संगम माहुली. तेथे थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे आणि तेथेच त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही समाधी आहे. शिकारीत वाघ अंगावर येत असता या कुत्र्याने महाराजांना सावध केले आणि त्यांचा जीव वाचला, अशी कथा. महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याने 1826 साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकिगत नमूद केली आहे. एकदा दरबारात महाराजांनी त्या कुत्र्याला जरीचे कपडे आणि दागिने घातले आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, असेही तो लिहितो. साहेबाला त्यात विक्षिप्तपणा दिसला. मला तो तेवढाच वाटत नाही. 1689 साली रायगड पडला तेव्हा सात वर्षांचा असलेला हा मुलगा मोगलांच्या कैदेत गेला आणि सुटला तो 1707 साली, ऐन पंचविशीत. ज्याचे सारे बालपण परक्याच्या छावणीत गेले, त्याला खोट्या मुजऱ्यांपेक्षा एका कुत्र्याचे इमान मोलाचे वाटले, तर त्यात नवल काय?

पण वाचकहो, येथेच खरा इतिहास अडतो. खंड्याला पालखी मिळाली. पण खंड्याच्या पोटात दुखले असते तर? शालिहोत्राच्या नावावर घोड्यांचे वैद्यक आहे, पालकाप्याच्या नावावर हत्तींचे आहे. म्हणजे जे जनावर राजाच्या युद्धाला लागे त्याच्यापुरते शास्त्र होते. बाकीच्यांना माया होती, औषध नव्हते. आणि जेथे सुरी होती तेथे भूल नव्हती. माझ्या आजोळी, कोरेगाव तालुक्यात, खोंड बडवताना मी लहानपणी पाहिला आहे. चार गडी त्याला आडवा पाडून धरीत. तो खोंड ज्या तऱ्हेने ओरडला ते मी येथे लिहीत नाही. सणाचे दिवस आहेत. सांगायचे एवढेच की त्याच बैलाच्या शिंगांना आषाढात बेंदराच्या दिवशी हिंगूळ लागे, अंगावर झूल पडे आणि माझी आजी त्याला पुरणपोळीचा घास भरवताना डोळ्याला पदर लावी. माया खोटी नव्हती. उपाय ठाऊक नव्हता. पुढे विसाव्या शतकात बर्डिझो या इटालियन माणसाचा चिमटा आला. त्याने रक्त न काढता ते काम थोडक्यात होऊ लागले आणि दगड-लाकडाची रीत मागे पडत गेली.

सांगलीला पोचलो तो दिवस कोजागिरीचा. मी उतरलो तेव्हा टोपली तयार होती. तळाशी विहीणबाईंच्या जुनेराची घडी, वर वाळलेले गवत, आणि गवतात शेवरी शांतपणे कोथिंबीर खात बसलेली. मी दटावले, “ऑपरेशनच्या दिवशी खायला देता? उपाशी न्यायचं असतं.” नात म्हणाली, “आजोबा, ससा ओकू शकत नाही. त्याला उपाशी ठेवायचं नसतं.” मी गप्प झालो.

डॉक्टरीणबाई तिशीतल्या, मोजके बोलणाऱ्या. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या. हे महाविद्यालय 1988 साली सातारा जिल्ह्यात निघाले आणि त्याला नाव आहे ते क्रांतिसिंह नाना पाटलांचे, म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या येडेमच्छिंद्रच्या सुपुत्राचे. त्याआधी या विद्येसाठी परळ गाठावे लागे. तेथे सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नी बाई साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे इस्पितळ उभारले आणि त्याच्याच आधाराने 1886 साली पशुवैद्यकाचे कॉलेज सुरू झाले. माझे वडील टोपली घेऊन मुकाट्याने परतले त्या काळी आमच्या जिल्ह्यातल्या मुलाला गुरांचा डॉक्टर व्हायचे तर मुंबईची वाट होती.

मी बाईंना माझी शंका विचारलीच. धडधाकट जिवाला कापायचे कशाला? त्यांनी हातातले काम न थांबवता सांगितले की, आपल्या शिवारातला ससा वेगळा आणि हा वेगळा. शिवारातल्या सशाची पिल्ले डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. तो कधी माणसाळला नाही, आणि 1972 च्या कायद्याने त्याला पकडताही येत नाही. घरातला हा पांढरा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. त्याची पिल्ले उघडीवाघडी आणि मिटल्या डोळ्यांची. या जातीच्या मादीला एक नव्हे, दोन गर्भाशये असतात, प्रत्येकाला स्वतंत्र तोंड. आणि वय वाढले की त्या जागी कर्करोग होण्याचे प्रमाण फार मोठे. पाच-सहा वर्षांच्या सशिणींत तर तो इतका आढळतो की, न होणारीच भाग्यवान म्हणावी. “सुरुवातीला कळतही नाही,” त्या म्हणाल्या. “मग एक दिवस गवताला रक्त लागलेलं दिसतं.”

माझ्या हातातली टोपली मी खाली ठेवली. डाळिंबाचे झाड डोळ्यांपुढे उभे राहिले. पाच वर्षे, गवतावरचे रक्त, फुगून बसणे. साठ वर्षांनी मला त्या मरणाचे कारण कळले. पुढे मी काही विचारले नाही.

शेवरीला आत नेले आणि मी बाकावर बसलो. 1846 साली बॉस्टनला ईथर आले, 1847 साली एडिंबरोला सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणले. आमच्या भागात शस्त्रक्रिया म्हटले की मिरज. डॉ. विल्यम वानलेस यांनी तेथे इस्पितळ उघडले ते 1894 साली; त्यानंतर साताऱ्या-सांगलीच काय, कोल्हापूर-बेळगावकडचा रोगीही ‘मिरजेला न्या’ एवढ्या दोन शब्दांवर आशा ठेवी. माणसाच्या वाट्याला भूल येऊन इतकी वर्षे लोटली. सशाच्या वाट्याला ती उशिरा आली, कारण ससा भुलेखाली दगावतो असा सर्वांचाच अनुभव होता. आता आयसोफ्लुरेन नावाच्या औषधाची वाफ देतात, अंग गार पडू नये म्हणून खाली ऊब ठेवतात, वेदनेचे औषध आधीच देतात.

वास्तविक सशाचे माणसावर ऋण मोठे. 1885 साली पाश्चरने पिसाळलेला कुत्रा चावलेल्या मुलाला जी लस टोचली ती सशाच्या मज्जारज्जूपासून केलेली होती. मला मधुमेह आहे. रोज सकाळी इन्सुलिनची इतकी युनिटे मी मोजून घेतो. हे ‘युनिट’ पहिल्याने ठरले ते टोरांटोत, उपाशी ठेवलेल्या सशाच्या रक्तातली साखर किती उतरते यावर. आणि सर्वांत चटका लावणारी गोष्ट 1931 सालची. सशिणीचे बीज नराच्या संगाखेरीज सुटत नाही, हा तिचा धर्म. त्याचाच उपयोग करून अमेरिकेत फ्रीडमन यांनी गर्भचाचणी काढली: बाईची लघवी सशिणीला टोचायची आणि दोन दिवसांनी तिचे पोट उघडून बीजकोश पाहायचे. बीज सुटलेले दिसले तर बाईला दिवस राहिले आहेत. उत्तर होकाराचे असो वा नकाराचे, सशीण बहुधा जिवानिशी जाई. कितीतरी घरांतली पहिली गोड बातमी अशी एकेका सशिणीने दिली.

त्या बाकावर बसून माझी शंका फिटली ती अशी. तेव्हाही सशिणीचे पोट उघडत होते, आजही उघडत आहेत. पण आज पहिल्यांदा ते तिच्यासाठी उघडले आहे आणि पुन्हा शिवायचे म्हणून उघडले आहे.

संध्याकाळी शेवरी घरी आली. बाईंनी बजावले होते: पोटाचे यंत्र बंद पडू देऊ नका. ससा खायचा थांबला की त्याची आतडी थांबतात आणि टाके उत्तम असूनही तो जातो. काय खाल्ले आणि लेंड्या किती पडल्या, हे दोन्ही लिहून ठेवा. घरातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी शहाणपणाने देऊ नका. पेनिसिलिनच्या जातीची औषधे तोंडावाटे गेली तर सशाच्या पोटातले उपयोगी जंतू मरून तो हगवणीने दगावतो. गळ्यात ती प्लॅस्टिकची कॉलर घालू नका. तो रात्रीची मऊ लेंडी तोंडाने उचलून पुन्हा खातो आणि ते त्याचे अन्नच असते. (फराळाचे ताट पुढे असलेल्या वाचकांची क्षमा मागतो, पण निसर्गाने सोवळे सर्वांना सारखे दिलेले नाही.)

विहीणबाई चांदीच्या वाटीत हळद कालवून उभ्या होत्या. सांगलीची हळद! 2018 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या या पेठेने देशाला हळद पुरवली. “थोडी लावू या हो, रात्रीत जखम धरेल,” त्या म्हणाल्या. नात आडवी आली, “नको आजी, ती चाटेल. डॉक्टर म्हणाल्या, जखम कोरडीच ठेवायची.” विहीणबाईंचा चेहरा उतरला. मी म्हणालो, “विहीणबाई, हळद दुधात घाला, मी घेतो. जखम मलाही झाली आहे.” त्या हसल्या, आणि मग गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून त्यांनीच टोपलीत अशी बेताने ठेवली की शेवरीला ऊब लागावी पण चटका बसू नये. पाच बाळंतपणे काढलेला हात तो.

गच्चीवर मंडळी चंद्राला दुधाचा नैवेद्य दाखवून खाली आली आणि निजली. मला तशीही झोप कमी. मी टोपलीशी बसलो. शेवरी कोपऱ्यात आखडून बसली होती, कान मागे, डोळे अर्धे मिटलेले. कोथिंबीर नाकाशी नेली तर तोंड फिरवले. ससा ओरडत नाही. रानात ओरडणारा ससा कोल्ह्याच्या तोंडी जातो, म्हणून दुखणे लपवणे हेच त्याने शिकले. रात्री अकराच्या सुमारास करकर असा आवाज येऊ लागला. ती दात खात होती. समाधानात ससा हलके दात घासतो. हा आवाज तसा नव्हता. मी मुलीला उठवले, तिने बाईंना फोन लावला. अपरात्री फोन केल्याचा त्रासिक स्वर नाही. वेदनेच्या औषधाचा आणखी एक ठरावीक अंश द्यायला त्यांनी सांगितले आणि म्हणाल्या, “आता तिच्या मर्जीवर सोडू नका. भरवा.”

नात उठून आलीच होती. गवताच्या भुकटीची पातळ पेज करून ती बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरली. मी शेवरीला पंचात गुंडाळून मांडीवर धरले आणि नातीने ओठाच्या बाजूने, दातांच्या फटीतून, थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. घाई केली तर छातीत जाईल. पहिला थेंब ओघळला. दुसरा ओघळला. तिसऱ्याला जबडा हलला. पाच मिलिलिटर संपायला वीस मिनिटे लागली. दोन तासांनी पुन्हा, पुन्हा दोन तासांनी. मधल्या वेळात नात टोपलीला टेकून पेंगत असे आणि दचकून विचारी, “आजोबा, श्वास चाललाय ना?” मी तिच्या पाठीवर हात ठेवून ‘हो’ म्हणे. प्रत्येक वेळी आधी टोपलीत पाहून मग म्हणे.

चंद्र खिडकीत आला होता. त्याच्यावरचा डाग आपण ससा मानतो, म्हणून तो शशांक. जातककथेत एका सशाने भुकेल्या पाहुण्याला द्यायला काही नाही म्हणून स्वतःचे शरीर अग्नीत टाकले आणि इंद्राने त्याचे चित्र चंद्रावर काढले. लहानपणी ही गोष्ट ऐकून मला भरून येई. त्या रात्री मात्र वाटले, सशाने देह द्यायचा आणि आपण त्याचे चित्र काढायचे, हा व्यवहार फार दिवस चालला.

पहाटे साडेपाचला गवत खसखसले. मी चष्मा लावून पाहिले. शेवरीने मान लांब करून गवताची एक काडी ओढली होती आणि ती काडी हळूहळू आत जात होती. आणि टोपलीच्या कडेला, वाटाण्याएवढ्या, चार लेंड्या. मी नातीला हलवले. तिने त्या मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि धावत जाऊन आईला, वडिलांना, आजीला उठवले. साऱ्या घराने टोपलीभोवती जमून त्या चार लेंड्यांचे दर्शन घेतले. लक्ष्मीपूजनाला तबकातल्या नाण्यांकडेही आम्ही इतक्या भक्तीने पाहिले नसेल.

चार दिवस राहून मी परतलो. साताऱ्याला उतरल्यावर घरी न जाता आधी माहुलीला गेलो. संध्याकाळची वेळ, घाटावर कोणी नव्हते. खंड्यापुढे उभा राहिलो. त्याला पालखी मिळाली, दगडात रूप मिळाले, साऱ्या मराठी राज्याच्या इतिहासात नाव मिळाले. आमच्या वाड्यातल्या त्या सशिणीला काही मिळाले नाही. डाळिंबाचे झाडही वाडा पाडला तेव्हा गेले. माझ्या वडिलांनी रिकाम्या हाताने आणलेली टोपली मात्र त्या दिवशी, इतक्या वर्षांनी, खाली ठेवल्यासारखी वाटली.

शेवरी आता तीन वर्षांची होत आली. पोटावरचे केस पुन्हा उगवले आहेत. टाका कोठे होता ते शोधावे लागते. दिवाळीत आवाजाने ती पलंगाखाली दडते, म्हणून नातीने फटाके आणू दिलेले नाहीत. विहीणबाईंनी कुरकुर केली खरी; पण पाडव्याला ओवाळणीचे ताट करताना टोपलीपुढे एक पणती त्यांनीच लावली, आणि हळदीचे बोट मात्र, जिभेला लागणार नाही अशा जागी, दोन कानांच्या मधोमध टेकवलेच.